शब्द, चाल आणि तबकडी

प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात विष्णुपंत पागनिसांच्या तोंडी एक गाणे आहे. एका बीजातून वृक्ष उभा राहतो आणि त्या वृक्षातून पुन्हा अनेक बीजे निपजतात, असा साधा दाखला त्यात दिला आहे. पुढे भजनी मंडळांनी ते अभंग म्हणून उचलले आणि चांगले जाणतेही ते तुकोबांच्या गाथेत शोधू लागले. गाथेत ते सापडणार नाही, कारण ते चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिले. आठवल्यांच्या लेखणीला यापेक्षा मोठी पावती कोणती असेल!

पण वारीवर लघुपट करायला निघालेल्या एखाद्या होतकरू मुलाला हाच गैरसमज महागात पडू शकतो. तो म्हणतो, तुकोबा १६५० साली वैकुंठाला गेले, त्यांच्या शब्दांवर आता कोणाचा हक्क? तुकोबांपुरते ते खरेच आहे. आठवले मात्र १९७५ साली गेले. भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर त्याच्या शब्दांवरचा हक्क पुढची साठ वर्षे चालतो, म्हणजे या गाण्याचे शब्द ३१ डिसेंबर २०३५ पर्यंत राखीव आहेत. गंमत अशी की, चित्रपटाची स्वतःची मुदत केव्हाच संपली. पडदा मोकळा झाला, त्यावर गायले जाणारे शब्द अजून झालेले नाहीत.

जुने गाणे फुकट वापरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही ते यामुळेच. कायद्याच्या नजरेला एका गाण्यात तीन मालमत्ता दिसतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्या कंपनीचे. पहिल्या दोन्हींची मुदत माणसाच्या मृत्यूपासून मोजतात आणि तिसरीची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्यापासून. तिन्हींना साठ वर्षे आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. आयुष्यभर मन लावून गाणारा गायक या हिशेबात जुन्या काळी कुठेच नव्हता. एकरकमी बिदागी हातावर पडली की त्याचा आणि तबकडीचा संबंध संपला.

हा व्यवहार भारतात सुरू झाला तो कलकत्त्यात, १९०२च्या नोव्हेंबरात. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेकडच्या दौऱ्यावर पाठवले होते. हॉटेलात यंत्र मांडून त्याने काही आठवड्यांत पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. त्यांतच गायिका गौहरजानची होती. कर्ण्यात तोंड घालून, मोजक्या तीन मिनिटांत आलाप, बंदिश, तान असे सगळे बसवायचे आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारायचे. मेणावर उमटलेला तो आवाज जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचा, तिथे तबकड्या छापल्या जायच्या आणि बोटीने परत यायच्या. तबकडी ज्या लाखेची, ती लाख मात्र आपल्याच जंगलांतून गेलेली असे. १९०८मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाला, तेव्हा हा उलटसुलट प्रवास थांबला.

त्या पहिल्या तबकड्यांना हक्काचे कवच नव्हते. ते आले ब्रिटिश पार्लमेंटच्या १९११च्या कायद्याने आणि १९१४ साली तोच भारतात लागू झाला. ध्वनिमुद्रणाला मूळ ठसा तयार झाल्यापासून पन्नास वर्षे मिळाली. आधीच निघालेल्या तबकड्याही त्यात घेतल्या गेल्या, पण त्यांची वर्षे मोजायची ती मूळ ठशापासूनच. म्हणजे गौहरजानचे १९०२ सालचे गाणे कायद्याच्या हिशेबाने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्वांचे झाले. स्वतंत्र भारताने १९५७ साली आपला कायदा केला, त्यातही पन्नास वर्षेच ठेवली.

मग साठ कुठून आली? रवींद्रनाथ ठाकुरांमुळे. ते गेले ऑगस्ट १९४१मध्ये. त्यांच्या साहित्याचे आणि गाण्यांचे हक्क शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते आणि १९९१ संपताच ते संपणार होते. बंगालात त्यावरून बरीच खळबळ माजली. डिसेंबरच्या अखेरीस, मुदत संपायला अवघे काही दिवस उरले असताना, वटहुकूम निघाला आणि १९९२मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. पन्नासची साठ झाली. पण ती एकट्या रवींद्रनाथांसाठी करता येणार नव्हती, त्यामुळे देशातल्या प्रत्येक कवीला, संगीतकाराला आणि प्रत्येक तबकडीला दहा वर्षे वाढवून मिळाली. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी १९९२ला मोकळ्या व्हायच्या, त्या २००२ला झाल्या. मधल्या दहा वर्षांत एकही नवी तबकडी लोकांच्या मालकीची झाली नाही. शांतिनिकेतनच्या चिंतेपायी मराठी, कानडी, तमिळ तबकड्यांचे एक अख्खे दशक अडकून पडले. विश्वभारतीची काळजी समजण्यासारखी होती. कायदा मात्र घाईत झाला, असेच म्हणावे लागेल.

मराठी नाट्यसंगीतावर हा हिशेब लावून पाहिला की तो नीट उमगतो. ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. पदे काकासाहेब खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००९च्या १ जानेवारीला मोकळे झाले. टेंबे १९५५ साली गेले, म्हणून चाली २०१६च्या १ जानेवारीला. बालगंधर्वांच्या आवाजातल्या त्या पदांच्या जुन्या तबकड्या तर दोघांच्याही कितीतरी आधी सुटल्या होत्या. म्हणजे २००९ ते २०१५ या काळात चित्र असे होते की तबकडी सर्वांची, शब्द सर्वांचे, पण चाल राखीव. आज मात्र तिन्ही कुलपे उघडली आहेत. एखाद्या नाट्यसंस्थेला ही पदे नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवायची असतील, तर कायद्याची हरकत नाही. ‘स्वयंवर’च्या १९१६च्या चाली देणारे भास्करबुवा बखले तर १९२२ सालीच गेले होते, त्यामुळे तिथे चालीचा प्रश्न फार पूर्वी मिटला.

‘गीतरामायण’ मात्र अगदी वेगळे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ते आठवड्यामागून आठवडा प्रसारित झाले, त्यालाही आता साठ वर्षे उलटली. म्हणून कोणी ते मोकळे समजू लागला तर फसेल. गीतकार गदिमा १९७७मध्ये गेले आणि संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२मध्ये. शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव आहेत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत. घरोघरी पाठ असलेली गाणी आपली वाटतातच, पण सार्वजनिक वापरासाठी दोन घरांची परवानगी लागते, आणि लागावीच. ती दोन माणसांच्या आयुष्याची कमाई आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनात न सोडता येणारा वाटा दिला, त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तरांनी जोर लावला होता. ज्यांनी गाणी रचली त्यांना एकदाच पैसे देऊन वाटेला लावायची जुनी रीत या दुरुस्तीने बरीचशी मोडली.

शास्त्रीय संगीतात एक निराळाच पेच होता. १९५७च्या कायद्याच्या व्याख्येत संगीतरचना म्हणजे लिहिलेली, छापलेली रचना. गळ्यातून गळ्यात गेलेल्या बंदिशीला त्यात जागाच नव्हती. ती अट १९९४ साली गेली. पण त्याच्या कितीतरी आधी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, खाँसाहेबांची मनधरणी करून बंदिशी जमवल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून ठेवल्या. भातखंडे १९३६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाची मुदत केव्हाच संपली. चित्रपटाला, नाटकाला, शाळेच्या कार्यक्रमाला हक्काची भानगड नसलेले संगीत हवे असेल, तर या पुस्तकांतली पारंपरिक बंदिश घ्यावी आणि एखाद्या चांगल्या गायकाला रीतसर मोबदला देऊन ती गाऊन घ्यावी. यापेक्षा सरळ रस्ता नाही. दुर्दैवाने तो फार थोड्यांना सुचतो.

कायदा मोकळे करतो ते मुळात नोंदलेले असावे लागते. कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर देण्यास कायम नकार दिला. आपली गायकी चोरीला जाईल ही त्या काळच्या अनेक उस्तादांची धास्ती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. १९४६ साली खाँसाहेब गेले आणि जयपूर घराण्याच्या मूळ गायकीचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, यांनी थोडे का होईना ध्वनिमुद्रण होऊ दिले. त्यातली त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर तबकड्यांना मोकळ्या मनाने गाणे दिले. त्यांच्या तबकड्या आज हक्कमुक्त आहेत आणि किराणा घराणे म्हणजे काय हे कोणालाही त्यावरून ऐकता येते.

मुदत संपली म्हणजे गाणे हाताशी आले, असे मात्र होत नाही. तबकडी कोणीतरी जपलेली असावी लागते. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर, मायकेल किनियर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ काढली ती याच कामासाठी. चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, वाड्यांच्या माळ्यांवरच्या ट्रंका, असे जिथे मिळेल तिथून या मंडळींनी तबकड्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या केल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ छापाच्या आणि ओडियन कंपनीच्या दुर्मीळ तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठीच्या योजनेतून संगणकावर उतरल्या, त्यात याच संग्राहकांचा हात आहे.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसायची नाही, लाख विरघळते; साधे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो, तोही मधल्या कागदी चिठ्ठीला पाणी लागू न देता. नेहमीच्या एलपीची सुई लावायची नाही, कारण या तबकडीची खाच रुंद असते आणि बारीक सुई तिच्या तळाशी खडखडते. वेगही ठरलेला अठ्ठ्याहत्तर नसतो. सुरुवातीच्या तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगाने कोरल्या गेल्या आहेत. कमी वेगाने कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने फिरवली तर गायकाची पट्टी चढते आणि आवाज बारीक होतो. कान तयार असलेला माणूस पेटीवर सूर धरून वेग लावतो. मग चिठ्ठीच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा भिंगाखाली वाचतो. हा मूळ ठशाचा क्रमांक. कंपनीच्या याद्यांशी तो ताडून पाहिला की तबकडी कुठल्या साली कोरली हे कळते, आणि साल कळले तरच हक्क संपला की नाही हे ठरते. चिठ्ठीवरचे नाव चुकीचे असू शकते, आकडा सहसा नसतो.

साल हाती आल्यावर तरी सगळे मिटले का? भारतात तबकडीपुरते मिटले. अमेरिकेत १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांचा हिशेब २०१८च्या कायद्याने लावला: १९२३च्या आधीची सारी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ला एकदम मोकळी झाली, १९२३ ते १९४६ची शंभर वर्षांनी होतात, त्यानंतरची आणखी उशिरा. म्हणजे १९३० सालची एखादी तबकडी पुण्यात खुशाल वाजवावी, पण न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाने आपल्या चित्रफितीत ती घालायची तर २०३१ उजाडावे लागेल. शिवाय यूट्यूबवर हक्क तपासणारे यंत्र माणसासारखा विचार करत नाही. जुन्या तबकडीचे गाणे कोणा कंपनीच्या सीडीशी जुळले की दावा येऊ शकतो, मग ते गाणे कितीही मोकळे असो. अशा वेळी मूळ तबकडीचा फोटो, ठशाचा क्रमांक आणि प्रसिद्धीचे साल जवळ असलेला माणूसच आपली बाजू मांडू शकतो.

नव्या संगीताची तयार कोठारे वेगळीच आहेत आणि तीही वाटतात तितकी नवी नाहीत. लंडनच्या द वुल्फ कंपनीने १९०९ सालापासून मूकपटांसाठी संगीत पुरवायला सुरुवात केली होती. आज ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतेकदा एकदा पैसे भरून पुढे पुन्हापुन्हा वापरायचे संगीत असते. ते सर्वांच्या मालकीचे झालेले नसते. २००२च्या डिसेंबरात निघालेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने खरोखर फुकट वापरू देतात, पण त्यातही कुठे नाव द्यावे लागते, कुठे धंद्यासाठी मनाई असते. ‘फ्री’ हा शब्द पाहून उतरवून घेण्यापूर्वी परवान्याची पाने वाचायलाच हवीत.

ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून संगणकावर उतरलेल्या तबकड्यांनाही हे लागू आहे: चित्रपटात किंवा नाटकात घ्यायच्या तर संग्रहाच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात. भारतात १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२६ला मोकळ्या झाल्या, १९६६च्या त्यानंतर वर्षभराने होतील. हा तर मराठी भावगीतांचा आणि चित्रपटगीतांचा भरातला काळ. त्यांतल्या बहुतेक गाण्यांचे शब्द आणि चाली अजून दोन-तीन दशके राखीव राहणार असल्या, तरी त्या तबकड्यांचे साल, क्रमांक आणि श्रेयनामावली आत्ताच नोंदवून ठेवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.