भरपाई मिळाली, पण गुन्ह्याचे काय?

गटारात कामगार गुदमरून मेला की भरपाई जाहीर होते आणि प्रकरण मिटवले जाते. फसगत इथेच आहे. निष्काळजीपणा म्हणजे घ्यायला हवी ती काळजी न घेणे. तो सिद्ध करावा लागतो. दायित्व म्हणजे नुकसान भरून देण्याची जबाबदारी. तिथे दर वेळी चूक सिद्ध करावी लागत नाही. भोपाळनंतर दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून वायुगळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली धोकादायक उद्योगांवर असे संपूर्ण दायित्व टाकले. गटारातल्या मृत्यूंसाठीही न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख, २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवली. पण पैशाने दायित्व फिटते, गुन्हा फिटत नाही. जात बघून माणसाला गटारात उतरवले कुणी? बांधवांनो, भरपाई घ्या, पण गुन्हाही नोंदवायला लावा. जय भीम!