नाताळ निवडुंग

कॅक्टेसी कुलातील, श्लुंबर्गेरा प्रजातीची शोभेची झाडे. मूळस्थान आग्नेय ब्राझीलमधील किनारी डोंगररांगांची दमट जंगले. तेथे ती वृक्षांच्या फांद्यांवर व खडकांच्या खाचांत अपिवनस्पती म्हणून वाढतात आणि मे महिन्याच्या सुमारास फुलतात. नाताळचा बहर हा उत्तर गोलार्धातला. पानांचे काम चपटी, हिरवी, एकमेकांना जोडलेली कांडी करतात.

निवडुंग म्हटले की पाणी तोडायचे, हा समज येथे घातक ठरतो. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला की कुंडीच्या तळातून निथळेल इतके पाणी द्यावे. बशीत मात्र साचू देऊ नये. कांडी सुरकुतली की बहुतेक जण आणखी पाणी घालतात. पण मुळे कुजली तरी ती तशीच सुरकुततात, म्हणून आधी माती चाचपावी. माती भुसभुशीत, ऊन कोवळे किंवा गाळीव हवे.

कळ्या धरण्यासाठी सुमारे 6 आठवडे रोज 12 ते 14 तास सलग अंधार व थंडावा लागतो. रात्री दिवा जळणाऱ्या दिवाणखान्यातले झाड त्यामुळेच अनेकदा नुसते हिरवे राहते. कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलल्यास त्या गळू शकतात. अभिवृद्धी दोन-तीन कांड्यांचा तुकडा पिळून काढून, जखम सुकवून लावल्यास सहज होते.