पंपाच्या मोटरचं बेअरिंग वेळेआधी का जातं?

बदलापूर गावाला उल्हास नदीचा पूर नवा नाही. 26 जुलै 2005 चा पूर इथल्या लोकांना आठवतो. 27 जुलै 2019 ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यात अडकली होती. असं पाणी आलं की तळमजल्यावरच्या पंपांच्या मोटरी बुडतात. मग मोटर वाईंडिंगवाल्याकडे जाते, तो ती सुकवतो, वॉर्निश मारतो आणि पंप चालू होतो. पण बेअरिंग जुनंच ठेवलं, तर थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते.

असं का होतं? बेअरिंगमधले गोळे आणि कडी यांच्यात ग्रीसमधल्या तेलाचा पापुद्रा असतो. त्याची जाडी बहुतेक वेळा एक मायक्रॉनही नसते. पाण्याने तो तुटतो आणि लोखंड लोखंडावर घासतं. शिवाय बंद मोटरमध्ये गोळे जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो. पंपाची मोटर साधारणपणे मिनिटाला 2800 ते 2900 फेरे घेते. म्हणजे त्या बारीक खड्ड्यावर दर मिनिटाला हजारो ठोके. म्हणून बुडालेल्या मोटरचं बेअरिंग फिरवून बरं वाटलं तरी बदलाच. वाईंडिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ असते.

पूर नसतानाही हेच पाणी आत जातं, फक्त थेंबाथेंबाने. पंपाचं मेकॅनिकल सील गळायला लागलं की पाणी शाफ्टवरून सरकत पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतं. ते अडवायला शाफ्टवर एक रबरी चकती असते, पाणी बाहेर फेकणारी. दुरुस्तीत नेमकी तीच हरवते. सील न बदलता नुसतं बेअरिंग बदललं तर तेही जाणार.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची. शाफ्टवर चढवताना हातोडीचा मार बाहेरच्या कड्यावर बसला, तर तो गोळ्यांतून आत जातो आणि नवं बेअरिंग चालू होण्याआधीच खराब होतं. आतल्या कड्यावर टेकेल असा पाइप लावून ठोकावं, किंवा प्रेसने बसवावं. गॅसच्या ज्योतीवर तापवणं तर नकोच.

नंबरही बघून घ्या. 6203 म्हणजे आतलं भोक 17 मिलिमीटर, 6204 म्हणजे 20. पुढे झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं, ती धूळ अडवतात, पाणी नाही. ओल्या जागी रबरी सीलचं 2आरएस बरं. दोन्हींत ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, वरून भरायची गरज नाही.

पिठाच्या गिरणीचं दुखणं वेगळं. तिथे पट्टा घसरू नये म्हणून तो गरजेपेक्षा जास्त ताणतात. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर हिशेबाने त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. नवीन पट्टा काही दिवस चालल्यावर सैल पडतो, तेव्हा तो पुन्हा बेताने ताणून घ्यावा.