पुढचा ब्रेक: आकुर्डीच्या ड्रमपासून चाकणच्या डिस्कपर्यंत

बजाज चेतक स्कूटरचा पुढचा ब्रेक उघडायला चार पाने, एक पेचकस आणि रविवारची सकाळ पुरे होत असे. चाकाचे नट सोडून मधला नट काढला की ड्रम हातात येई आणि आतले दोन ब्रेक शू, स्प्रिंग, कॅम सगळं डोळ्यांसमोर उघडं पडे. मी पुण्याजवळच्या भोसरीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आमच्या गल्लीत बहुतेक घरांतून कुणी ना कुणी आकुर्डी, पिंपरी किंवा भोसरीला कामाला जाई. कारखान्यात हाताला लागलेलं वळण घरच्या अंगणातही चाले. ब्रेक शूवरचे लायनर बदलायला गॅरेजमध्ये जाणं कुणाला सुचतच नसे.

या रिवाजामागे टंचाई होती. बजाजला स्कूटर बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि आकुर्डीत कारखाना उभा राहिला. १९७२ साली चेतक आली. पण परवाना राजच्या काळात उत्पादनावर मर्यादा होती. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. एवढी वाट पाहून घरी आलेली गाडी माणूस सहजी टाकत नाही. तो ती उघडतो, समजून घेतो आणि पुढच्या पिढीच्या हाती देतो.

ड्रमच्या ब्रेकचे आजार ठरलेले होते. नवे लायनर टाकले तरी गाडी थांबत नाही, ही पहिली तक्रार. जुना ड्रम आतून झिजून त्याला खाच पडलेली असते. नवा सपाट लायनर त्याला थोड्याच जागी टेकतो. तो घासून बसेपर्यंत ब्रेक कमीच लागणार. दुसरी तक्रार, ब्रेक किंचाळतो किंवा एकदम पकडतो. तेव्हा शूची कड कानशीने तिरपी करायची आणि चकाकलेल्या लायनरवरून पॉलिश पेपर फिरवायचा. कॅमला लावलेलं ग्रीस जास्त झालं आणि लायनरवर उतरलं, तर तो लायनर गेलाच समजा. केबल फार ताणली तर ड्रम तापतो. म्हणून चाक उचलून हाताने फिरवायचं, ते मोकळं फिरलं पाहिजे.

त्या काळची एक सवय मात्र घातक होती. ड्रममधली काळी धूळ आम्ही फुंकर मारून उडवत असू. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ छातीत जाते आणि तिथेच राहते. फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, हे तेव्हा अंगणात कुणी सांगत नव्हतं. आज प्रत्येकाला सांगायला हवं.

मग हा कारखान्यांचा पट्टा उत्तरेला सरकला. चाकणला बजाजचा नवा कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००१ साली बजाजची पल्सर मोटारसायकल आली आणि पल्सर १८०च्या पुढच्या चाकात डिस्क दिसली. २००७ साली आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. तोवर ब्रेम्बो ही इटलीची ब्रेक कंपनी पुण्याच्या परिसरात आली होती. लहान आणि मध्यम मोटारसायकलींसाठी तिने ‘बायब्रे’ नावाचे ब्रेक काढले. २०१२ साली बाजारात आलेली केटीएम २०० ड्यूक चाकणमध्ये बनत होती, आणि तिच्या पुढच्या ३०० मिलिमीटरच्या डिस्कवर बायब्रेचाच कॅलिपर होता.

डिस्कमुळे गाडी जोरात थांबू लागली, पण आजार डोळ्यांआड गेला. ड्रमची केबल तुटली तर दिसते, डिस्क ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा दिसत नाही. शेजारची पोरं येऊन सांगतात, “काका, पॅड नवे टाकलेत, तरी लिव्हर पार आत जाते.” आधी गाडी जागेवरच ठेवायला सांगतो. जाड पॅड बसावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो. लिव्हर काही वेळा दाबून तो पॅडपर्यंत आणला नाही, तर पहिल्याच वळणावर ब्रेक नसतो. पिस्टन ढकलण्याआधी ब्रेक तेलाच्या टाकीचं झाकण उघडून पातळी पाहायची, नाहीतर तेल उतू जाऊन पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं.

एवढं करूनही लिव्हर मऊच लागली, तर आत हवा आहे. लिव्हर दाबून धरायची, कॅलिपरवरचं निपल उघडायचं, तेल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम उलटला की हवा परत आत. ब्रेक तेल ओलावा ओढतं. ओलं तेल बोरघाटाच्या उतारावर तापलं की उकळतं, म्हणून ब्रेक तेलाच्या टाकीवर लिहिलेल्या दर्जाचंच, सीलबंद बाटलीतलं तेल वापरावं. ब्रेक सोडल्यावरही चाक अडत असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना पाहाव्यात. तळेगाव–चाकण रस्त्यावरचा पावसाळी चिखल त्या पिना धरून ठेवतो. त्यांना साधं ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचंच ग्रीस घ्यावं.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याच्या युनिटमध्ये हवा अडकली, तर काही गाड्यांत ती काढायला सर्व्हिस सेंटरचं यंत्रच लागतं. तिथे घरच्या पान्याने थांबावं.

या पट्ट्याने देशाला गाड्या दिल्या त्या तपासणीच्या शिस्तीवर. वर्कशॉपमध्ये माझ्या हातचं काम दुसऱ्या माणसाने गेज लावून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. अंगणात तो दुसरा माणूस नसतो, म्हणून त्याचं काम आपणच करायचं. नट टॉर्क पान्याने पुन्हा पाहा, लिव्हर दाबून धरा आणि ती हळूहळू खचते का बघा, चाक हाताने फिरवा, मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने गाडी थांबवून पाहा. हे सगळं पार पडलं की मगच घरच्या माणसाला मागे बसवा.