जॉर्डानस कातालानी
जॉर्डानस कातालानी : (चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध). डॉमिनिकन धर्मोपदेशक, प्रवासवर्णनकार व कोल्लमचा पहिला कॅथलिक बिशप. मूळचा दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचा. बिशपपद केरळातले, पण त्याची हयातीतली खरी कामगिरी उत्तर कोकणात घडली.

१३२१ मध्ये होर्मुझहून कोल्लमला निघालेले त्याचे जहाज वाऱ्याने ठाण्याला लागले. सोबत तोलेन्तीनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स व सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन आणि डेमेट्रियस हा जॉर्जियन दुभाष्या होता. ठाण्यातील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आसरा दिला. जॉर्डानस भडोचच्या वाटेला लागला असता मागे काझीपुढच्या वादात निघालेल्या उद्गारांवरून चौघांचा एप्रिलमध्ये वध झाला. त्याने परतून त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्या अस्थी चीनला नेल्या.

पुढची काही वर्षे तो एकटाच राबला. ऑक्टोबर १३२१ चे घोघ्याहून व जानेवारी १३२४ चे ठाण्याहून अशी त्याची दोन पत्रे उपलब्ध आहेत. दुसऱ्यात आजार, कैद, छळ यांची कैफियत आहे. तशीच पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानाची खोड मोडेल, अशी सूचनाही आहे. धर्मोपदेशकाला व्यापारी मार्गांचे राजकारण चांगले कळत होते.

‘मिराबिलिया’ या त्याच्या लॅटिन ग्रंथात (इंग्रजी भाषांतर हेन्री यूल, १८६३) आंबा, नारळ, पारशांचा अंत्यविधी यांची वर्णने येतात. एक फणस पाच माणसांना पुरतो, असे तो लिहितो. त्याच्यासारख्याच दुसऱ्या, पण वेगळ्या जातीच्या फळाचीही तो नोंद करतो. मंडणगड-दापोलीकडच्या वाचकाला इथे कापा आणि बरका आठवल्यावाचून राहणार नाही. ऐकीव भागात, विशेषतः आफ्रिकेविषयी, त्याची लेखणी सैल सुटते.

ऑगस्ट १३२९ मध्ये आव्हिन्यों येथे पोप बाविसावा जॉन याने कोल्लमचे धर्मपीठ स्थापून त्याची नेमणूक केली. इराणातील सुलतानियाच्या आर्चबिशपसाठीचे सन्मानवस्त्रही पोचवण्याचे काम त्याच्याकडे होते. १३३० नंतर त्याचा कागदोपत्री माग लागत नाही. कोकणात त्याचा वध झाल्याच्या परंपरेला समकालीन आधार नाही. पोपचा दूत मारिन्योल्ली १३४० च्या दशकात कोल्लमला वर्षभराहून अधिक राहिला. तेथील लॅटिन चर्चविषयी त्याने लिहिले, पण जॉर्डानसचे नाव घेतले नाही.