‘गळती’ आणि ‘भोंगा’ : शिक्षणविषयक शोधनिबंधाची संहिता

१

शिक्षणशास्त्रीय नियतकालिकाकडे पाठविण्यासाठी तयार केलेला शोधनिबंध हीदेखील एक संहिता असते. तिला निवेदक असतो, दृष्टिकोन असतो, स्वतःची शब्दकळा असते आणि काही मौनेही असतात. तरीही या लेखनप्रकाराची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. ही उपेक्षा चमत्कारिक म्हटली पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे संस्कृत कवींवरील निबंध प्रथम प्रसिद्ध झाले ते ‘शालापत्रका’त, म्हणजे शिक्षकवर्गासाठी निघणाऱ्या मासिकात. १८७५मध्ये ते बंद झाले. काव्यविचार आणि शाळाविचार एकाच वाचकापुढे ठेवण्याची ती रीत पुढे क्षीण होत गेली. शिक्षणविषयक लेखनाच्या भाषेची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे, ही जाणीवही तिच्याबरोबर मागे पडली.

प्रस्तुत निबंधात ही चिकित्सा शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके समोर ठेवून करावयाची आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या, प्रमाण मराठीहून वेगळ्या बोली आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे हंगामी स्थलांतर, या तिन्ही गोष्टी येथील शाळेच्या अनुभवाचा भाग आहेत. शोधनिबंधात त्यांचे काय होते, हा प्रश्न आहे.

२

१९३३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. मुरबाडच्या शेजारील बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी लिहिलेला ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. एका गावाची बारकाईने नोंद करणाऱ्या या ग्रंथाच्या नावातच ‘आमचा गाव’ हे शब्द आहेत. अभ्यासक आणि अभ्यासविषय यांना जोडणारे सर्वनाम तेथे लपविलेले नाही. त्याच वर्षी ताराबाई मोडकांच्या संपादकत्वाखाली ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत निघू लागली. या परंपरेतील लेखनाचा पाया अनुभवकथन हा होता : मूल काय करीत होते, शिक्षिकेने काय केले, मग काय घडले. १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७मध्ये कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी चालविलेल्या कामातून हे लेखन अधिक समृद्ध झाले. (कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.)

या कामातून आलेल्या संज्ञा पाहाव्यात. ‘अंगणवाडी’ म्हणजे अंगणात भरणारी शाळा. ‘कुरणशाळा’ म्हणजे गुरे राखणाऱ्या मुलांपाशी, कुरणात गेलेली शाळा. मूल जेथे आहे ते स्थळ संज्ञेच्या पूर्वपदी येते आणि शाळा उत्तरपदी. यातील ‘अंगणवाडी’ ही संज्ञा १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेली.

३

दुसरी परंपरा वेगळ्या उगमातून आली. १९२९च्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील दोन दोष नोंदविले. अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वी मूल शाळेतून निघून जाणे हा एक, आणि एकाच इयत्तेत वर्षाहून अधिक काळ अडकून राहणे हा दुसरा. पहिल्याला दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘अपव्यय’ असा होतो. हा हिशेबाचा शब्द आहे. त्यात मूल खर्चाच्या बाजूला पडते. स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला पद्धतशीर संशोधनाचे रूप मिळाले. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावरील गाडगीळ-दांडेकर यांचा १९५५चा अभ्यास हा त्याचा एक भक्कम नमुना होय. शाळा सोडलेले मूल पुढे साक्षर राहते काय, हा त्यातील प्रश्न आजही जिवंत आहे.

मराठीत ‘अपव्यया’च्या जागी ‘गळती’ रूढ झाली आणि रूपक बदलले. गळते ते भांडे. दोष पाण्याचा नसतो. परंतु ‘गळतीची कारणे’ या मथळ्याखाली सहसा येते ती यादी पालकांचे अज्ञान, दारिद्र्य, स्थलांतर अशी, म्हणजे पाण्याच्या स्वभावाची असते. शब्द एकीकडे बोट दाखवितो आणि यादी दुसरीकडे. तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यात ही विसंगती अधिकच बोचते.

याउलट, वीटभट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. १९९०च्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर ज्या शाळा चालविल्या त्यांना ‘भोंगाशाळा’ हे नाव मिळाले. कुरणशाळेचीच ही शब्दघटना आहे. ज्या मुलाची नोंद एका संहितेत ‘गळाले’ अशी होते, तेच दुसरीत एका पत्त्यावर सापडते.

४

शोधनिबंध सिद्ध करताना प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना, साधने, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी असा साचा पाळला जातो. त्याचा उपयोग नाकारता येत नाही; पडताळा घेता यावा यासाठी तो आहे. प्रश्न आहे तो साच्यासोबत येणाऱ्या व्याकरणाचा. स्टीफन कोरी यांच्या १९५३च्या ग्रंथाने कृतिसंशोधनात शिक्षकाला संशोधक मानले. परंतु आपल्याच वर्गाविषयी लिहिणारा शिक्षक हस्तलिखितात ‘संशोधकास असे आढळून आले’ असे लिहितो. वर्गात तोही होता, ही महत्त्वाची माहिती कर्मणी प्रयोगात नाहीशी होते. मुलाचे ठाकरी वा कातकरी वाक्य प्रमाण मराठीत, पुष्कळदा थेट इंग्रजीत उतरते. मुलाचे नाव गाळणे हे नीतीला धरून आहे. त्याची बोली गाळावी असे मात्र कोणतीही नीती सांगत नाही.

लेखनाला गुण जोडले गेल्याने हे व्याकरण पक्के झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या विनियमांनी प्रकाशनांचे गुणांकन आणले. २०१९मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ती रद्द झाली. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता पुन्हा संस्थांकडे आणि अभ्यासकांकडे आली आहे. ही पारख केवळ संदर्भपद्धतीवर थांबू नये.

अनुभवकथनाच्या परंपरेकडे नुसते परतणेही पुरेसे नाही. एका मुलाची हकिगत कितीही बोलकी असली, तरी अशी मुले किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी मोजणी लागते. पण काय मोजावयाचे हे शब्द ठरवितो. ‘गळती’ हा शब्द घेतला तर तक्त्यात एकच रकाना उरतो, शाळा सोडल्याचा. ‘भोंगा’ हा शब्द घेतला तर आणखी रकाने उघडतात : कोणत्या महिन्यात गेले, कोठे गेले, तेथे शाळा होती काय, केव्हा परतले, परतल्यावर कोणत्या इयत्तेत बसविले. तक्ता दोन्हीकडे तक्ताच राहतो. परंतु दुसऱ्यात शाळेलाही उत्तर द्यावे लागते.

म्हणून शहापूर-मुरबाडमधील शिक्षकाचे हस्तलिखित हाती आल्यावर परीक्षकाने नमुन्याच्या आकाराबरोबर त्यातील नामे आणि सर्वनामेही तपासली पाहिजेत. ती तपासण्याची साधने समीक्षेपाशी आहेत. शिक्षणविषयक लेखन आपल्या कक्षेबाहेरचे मानून तिने ती आजवर वापरली नाहीत, एवढेच.