बोज्जन्नकोंडा : शंकरम्‌चा विसरलेला संघाराम

विशाखापट्टणमास बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी समुद्र पाहतो, दुसऱ्या रविवारी सिंहाचलम् करतो आणि पुढे सवड मिळाली की अराकूच्या वाटेस लागतो. अनकापल्लीकडे कोणी फिरकलाच, तर तो तेथील गुळासाठी. आम्हीही प्रथम गुळासाठीच गेलो होतो. त्या गावाबाहेर काही कि.मी.वर शंकरम् नावाचे खेडे आहे आणि त्याच्या शिवारात, भाताच्या खाचरांमध्ये, दोन खडकाळ टेकड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. पूर्वेची बोज्जन्नकोंडा, पश्चिमेची लिंगालकोंडा.

नावांपासूनच इतिहासाला प्रारंभ होतो. ‘शंकरम्’ हे शंकराचे गाव नव्हे. ‘संघाराम’ या शब्दाचा तो झिजलेला अवशेष आहे, असे अभ्यासक मानतात. बोज्जन्न म्हणजे बुद्ध. लिंगालकोंडा म्हणजे लिंगांची टेकडी. पण ती लिंगे नसून खडकातच कोरलेले लहान-मोठे स्तूप आहेत, एकामागे एक, ओळीच्या ओळी. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी पांडवांच्या नावे लागली, त्यातलाच हा प्रकार.

चढण फारशी अवघड नाही; पायऱ्या आहेत. तरी पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना तिची दखल घ्यावीच लागते. मध्येच मुख्य लेणे लागते. दाराच्या दोन्ही बाजूंस द्वारपाल, वर बुद्धमूर्ती. आत सोळा जाडजूड चौकोनी खांब आणि मधोमध अखंड खडकातला स्तूप, भोवती प्रदक्षिणेपुरती जागा. कार्ल्याच्या चैत्याची भव्यता येथे नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु माथ्यावर पोहोचून मोठ्या स्तूपापाशी उभे राहिले म्हणजे खडक व वीट यांची सांगड घालणाऱ्या त्या कारागिरांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. स्तूपाचा गाभा टेकडीचाच, त्यावर विटांचे बांधकाम. खाली विहाराच्या खोल्यांचे पाये आणि दूरवर हिरवी शेते. वारा इतका की टोपी हाती धरावी लागते.

साधारणपणे इसवी सनाच्या चौथ्या ते नवव्या शतकापर्यंत येथे भिक्षूंचा वावर होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अलेक्झांडर री यांनी उत्खनन केले, तेव्हा मुद्रा व मृण्मय वस्तूंबरोबर नाणीही मिळाली : समुद्रगुप्ताचे सोन्याचे, सातवाहनांचे म्हणून ओळखले गेलेले घोड्याचे चित्र असलेले शिशाचे, आणि कुब्ज विष्णुवर्धनाची तांब्याची. या शेवटच्या नावापाशी आम्ही थबकलो. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीचा हा धाकटा भाऊ. साताऱ्यास सापडलेल्या ताम्रपटात तो युवराज म्हणून भीमाकाठचे गाव दान देताना दिसतो. पुढे भावाने त्याला वेंगीकडे पाठविले आणि तो तिकडचाच होऊन पूर्व चालुक्यांचा मूळपुरुष ठरला. भीमेकाठाहून आंध्रात झालेली ही बदली तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची! आमच्या बदलीचा हुकूम हाती पडला, तेव्हा हे ठाऊक असते तर घरात एवढी रडारड झाली नसती.

असो. सांगावयाचे ते निराळेच आहे. २००३ साली आम्ही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कनुमाला, तेथे गेलो. टेकडीवर जत्रेसारखी गर्दी होती आणि माणसे एका वाटोळ्या पाषाणावर दगड मारीत होती. ती राक्षसाची ढेरी, तिला दगड मारला की वर्ष चांगले जाते, असा समज. एक वृद्ध गृहस्थ नातवाच्या मुठीत खडा देऊन त्याचा हात धरून नेम शिकवीत होते. त्यांच्या मुद्रेवर द्वेषाचा लवलेश नव्हता. होता तो नातवाच्या कल्याणाचा भाव. ज्यांनी हा खडक कोरला, त्यांच्याच मुलखातली ही माणसे. नाव ओठांवर राहिले होते, अर्थ मात्र पार पुसला गेला होता.

आम्ही त्यांना चार शब्द सुनावण्यासाठी पुढे झालो. मोडकी-तोडकी तेलुगू जुळवलीही होती. पण शब्द घशातच राहिले. शाळेच्या सहलीत, इयत्ता सातवीत असताना, पांडवलेण्यांच्या एका भिंतीवर आम्ही खिळ्याने स्वतःची आद्याक्षरे कोरली होती. गुरुजी पुढे गेले होते, आणि पाळतीवर दोन मित्र उभे केले होते. गौतमी बलश्रीचा लेख असलेल्या त्या लेण्यांत आम्हीही एक लेख ठेवून आलो, याचा तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! त्या वृद्ध गृहस्थांना निदान आपण कशावर दगड मारतो हे ठाऊक नव्हते. आम्हांस आदल्याच आठवड्यात वर्गात शिकविले होते.

पुढे पुरातत्त्व खाते व इंटॅक यांच्या प्रयत्नांनी दगडफेकीची ती प्रथा थांबली. गतवर्षी कन्येला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा पाषाण शांत होता. तिने विचारले, “बाबा, नाशिकची तुमची अक्षरे अजून आहेत का हो?”

आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाहून आलो.